मेंढीच्या अंगातली बेगमी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरली की खान्देशातली राने उघडी पडतात. दादर ज्वारी केव्हाच खळ्यावरून घरात गेलेली असते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला लागलेल्या असतात, आणि पांझरेपासून तापीपर्यंत कुठेही पाहिले तरी नांगरटीची काळी ढेकळे तेवढी दिसतात. अशाच एका उन्हाळ्यात शिंदखेड्याच्या बाजूला एका शेतात खतासाठी बसवलेल्या कळपापाशी मी थांबलो होतो. कळपातले वडीलधारे बाबा एकेक मेंढी पायांत धरून तिच्या शेवटच्या बरगडीमागे, पाठीच्या कण्यावर तळहात टेकवत होते आणि बोटांनी दोन्ही अंगांना दाबून पाहत होते. बऱ्याच मेंढ्या त्यांनी सोडून दिल्या. काहींच्या कपाळाला मात्र गेरूचा पट्टा ओढला. पट्टा कशाला, असे विचारल्यावर म्हणाले, "सर, ह्या मिरगलोंग टिकाव नहीत. यास्ले येगळं खावाले देनं पडी."

मी धुळ्यात जीवशास्त्र शिकवतो. बाबांचा हात जे वाचत होता त्याला पशुशास्त्रात शरीरस्थितीचे गुणांकन म्हणतात. कमरेच्या मणक्यांवर मांस आणि चरबी यांचे आवरण किती आहे हे चाचपून मेंढीला ० ते ५ यांदरम्यान गुण देण्याची ही पद्धत १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी बसवली. त्या आवरणाखाली काय घडते, कोणत्या पेशी तिथे तयार होतात, त्या कोणाच्या हुकमाने भरतात आणि कोणाच्या हुकमाने रिकाम्या होतात, याचा उलगडा गेल्या तीस वर्षांत जनुकांच्या पातळीवर झाला आहे. हे ज्ञान आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. कोणता मेंढा पैदाशीला ठेवायचा, परदेशी जातीचे रक्त आणायचे की नाही, सरकारी अनुदानातून मेंढपाळाच्या दाराशी कसले जनावर पोचवायचे, हे निर्णय यापुढे अधिकाधिक जनुकांच्या भाषेत घेतले जाणार आहेत. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि त्यावर माझे म्हणणे असे की, फिरस्तीवर जगणाऱ्या मेंढीच्या अंगातली चरबी ही तिची उन्हाळ्याची बेगमी आहे, हे आधी मान्य करून मगच महाराष्ट्राने पैदाशीचे धोरण आखावे. ठाणबंद, दाण्यावर पोसलेल्या परदेशी मेंढ्यांवर झालेला अभ्यास जसाच्या तसा उचलून दख्खनी मेंढीवर लादला, तर नुकसान कळपाचे होईल आणि ते कळायला पाच-सात वर्षे जातील.

आधी विज्ञान काय सांगते ते नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मेदपेशी ही सुरुवातीपासून मेदपेशी नसते. हाड, कूर्चा, स्नायू आणि चरबी अशा अनेक वाटा जिच्यापुढे खुल्या असतात, अशा एका मूळपेशीपासून तिचा प्रवास सुरू होतो. आजूबाजूच्या पेशींकडून येणारे काही संदेश तिला चरबीच्या वाटेकडे वळवतात; बीएमपी नावाच्या प्रथिनांचे कूळ त्यांत महत्त्वाचे आहे. वळल्यावरही ती लगेच चरबी साठवू लागत नाही. पूर्व-मेदपेशी म्हणून ती थांबून राहते. शरीरात अन्न मुबलक झाले, इन्सुलिन वाढले, योग्य संप्रेरके पोचली, की तिच्या आत सी-ईबीपी बीटा आणि सी-ईबीपी डेल्टा ही दोन जनुके प्रथम जागी होतात. ती दोघे मिळून पीपार-गॅमा आणि सी-ईबीपी अल्फा यांना जागे करतात, आणि ही नंतरची जोडी एकमेकांना जागे ठेवते, त्यामुळे एकदा हे चक्र फिरू लागले की पेशीला सहसा माघारी फिरता येत नाही. पीपार-गॅमा हा या सगळ्याचा कारभारी. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने दाखवून दिले की ज्या पेशी एरवी कधीच चरबी साठवत नाहीत त्यांच्यात हे एक जनुक जबरीने चालू केले, तर त्यासुद्धा तेलाच्या थेंबांनी भरून जातात. हा प्रयोग उंदराच्या पेशींवरचा होता. पण सस्तन प्राण्यांत ही यंत्रणा मोठ्या प्रमाणात सारखी आहे, आणि मेंढीच्या पूर्व-मेदपेशी काचेच्या थाळीत वाढवून पाहिल्यावर तिथेही हीच साखळी आढळते.

कारभाऱ्याने हुकूम सोडल्यावर प्रत्यक्ष काम करणारी जनुके वेगळी आहेत. रक्तातून मेदाम्ले उतरवून घेणारे एलपीएल, पेशीच्या आत त्यांची ने-आण करणारे एफएबीपी-४, नवी मेदाम्ले घडवणारे फॅस, आणि घट्ट मेदाम्लाला जरा प्रवाही करणारे एससीडी ही त्यांतली मुख्य. या कामाला लगामही आहेत. डब्ल्यूएनटी नावाची संदेशवाहिनी पूर्व-मेदपेशीला पुढे सरकू देत नाही. डीएलके-१ हे जनुकही तेच करते, म्हणून ते जोवर चालू असते तोवर पेशी कोवळीच राहते. शिवाय अलीकडच्या काळात लहान आरएनएंची भर पडली आहे, ज्यांचे स्वतःचे प्रथिन बनत नाही, पण जी इतर जनुकांचे निरोप वाटेतच अडवतात; त्यांतले मिर-२७ हे पीपार-गॅमालाच आवरते. चालना आणि लगाम यांच्या या ओढाताणीतून ठरते की एखाद्या मेंढीच्या अंगात मेदपेशी किती असतील, कुठे असतील आणि त्या किती भरतील.

इथे मेंढीचे माणसापासून एक मोठे वेगळेपण आहे, आणि माझ्या मते ते खान्देशासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. माणसाच्या शरीरात नवी चरबी प्रामुख्याने यकृतात घडते आणि तिचा कच्चा माल बव्हंशी साखर हा असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत हे काम मुख्यतः मेदपेशीच करतात आणि कच्चा माल असतो ॲसिटेट. ते तयार होते कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांकडून, आणि चाऱ्यात जितका काष्ठमय, तंतुमय भाग जास्त तितके त्याचे प्रमाण जास्त. दाण्यावर पोसलेल्या मेंढीच्या पोटात प्रोपिओनेट या दुसऱ्या आम्लाचा वाटा वाढतो, त्यापासून यकृत साखर बनवते, आणि इन्सुलिनचा जोर वाढून चरबी वेगाने चढते. साक्रीच्या माळावरचे कुसळी गवत, कपाशीची गळलेली पाने, मक्याची सड आणि बाभळीच्या शेंगा खाऊन जगणाऱ्या मेंढीच्या अंगात हीच जनुके वेगळ्या कच्च्या मालावर, वेगळ्या इन्सुलिनवर आणि वेगळ्या गतीने काम करतात. जनुक तेच असले तरी त्याला मिळणारे काम वेगळे आहे. म्हणून दाण्याच्या गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या मेंढीत एखाद्या जनुकाचा जो प्रकार फायद्याचा ठरला, तो दहा-बारा किलोमीटर रोज चालणाऱ्या मेंढीत फायद्याचा ठरेलच असे मानायला कोणताही आधार नाही.

चरबी कुठे साठते हा प्रश्नही असाच आहे. मेंढीत ती आधी मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात, मग स्नायूंच्या मधल्या फटींत, नंतर कातडीखाली, आणि सर्वांत शेवटी स्नायूंच्या धाग्यांत उतरते. या प्रत्येक जागेच्या मेदपेशी वेगळ्या वागतात. एकाच मेंढीच्या दोन जागांमधल्या पेशी थाळीत वाढवल्या तरी त्यांच्यात जागी होणारी जनुके सारख्या प्रमाणात जागी होत नाहीत. चीनच्या अल्ताय किंवा हू जातींत आणि इराणच्या लोरी-बख्तियारी जातीत चरबीचे कोठार शेपटीत वा पुठ्ठ्यावर असते. आपल्याकडे ज्याला दुंबा म्हणतात तोच हा प्रकार. जगातला या विषयावरचा फार मोठा अभ्यास याच मेंढ्यांवर झालेला आहे. जाड आणि बारीक शेपटीच्या जातींचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिल्यावर पीडीजीएफ-डी आणि बीएमपी-२ ही जनुके पुन्हा पुन्हा पुढे येतात, आणि जाड शेपूट माणसाने मेंढी पाळायला लागल्यानंतर बऱ्याच काळाने, कोरड्या आणि अनिश्चित हवामानाच्या मुलखात निवडीतून पक्की केली, असे या अभ्यासांवरून दिसते. त्या मुलखातल्या मेंढपाळांना कोठार डोळ्यांना दिसेल अशा जागी हवे होते.

दख्खनी मेंढीची शेपूट आखूड आणि बारीक. तिचे कोठार बाहेरून दिसत नाही, म्हणून आपल्या धोरणालाही ते दिसलेले नाही. बाबांना मात्र ते हाताने लागते. एक ग्रॅम चरबी जळते तेव्हा सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, प्रथिनाच्या एका ग्रॅममधून सुमारे ४; त्यामुळे भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत जिच्या कण्यावर चरबीचा थर आहे ती मेंढी स्वतःचे मांस न जाळता तग धरते, आणि जिच्यावर तो नाही ती आधी उरलीसुरली चरबी, मग मांस, मग गर्भधारणेची शक्ती असे एकेक गमावत जाते. हे शेवटचे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. ज्या १९९४ साली पीपार-गॅमाचे काम उघड झाले त्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचा शोध प्रसिद्ध केला. लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशीच बनवतात, आणि कोठारात किती शिल्लक आहे याची वर्दी ते मेंदूला देते. शिल्लक फार कमी असेल तर मेंदू प्रजननाची यंत्रणा मंद करतो. खान्देशात पहिला पाऊस पडून हिरवे फुटले की मेंढ्या माजावर येतात, तेव्हा लागलेल्या मेंढ्या पाच महिन्यांनी, थंडीच्या तोंडावर वितात. म्हणजे मे महिन्यातली चरबी डिसेंबरातली कोकरे ठरवते. खादाड जनावराच्या अंगावर चढलेला निरुपयोगी भार म्हणून जिच्याकडे आपण पाहतो ती चरबी मेंढपाळाच्या हिशेबात पुढच्या वर्षाचे उत्पन्न असते.

कोकराच्या बाबतीत तर गोष्ट आणखी नाजूक आहे. जन्माला येणाऱ्या कोकराजवळ, विशेषतः त्याच्या मूत्रपिंडांभोवती, तपकिरी चरबी असते. तिचे वजन अगदी थोडे, जन्मवजनाच्या सुमारे २ टक्के. पण तिच्यातल्या यूसीपी-१ या जनुकामुळे ती ऊर्जा साठवण्याऐवजी थेट उष्णतेत बदलते, आणि अंग न थरथरवता कोकरू ऊब धरते. पुढच्या काही आठवड्यांत हीच चरबी पांढरी होत जाते आणि यूसीपी-१ जवळजवळ विझते. ही तपकिरी चरबी गर्भात घडते आणि तिची घडण आईच्या खाण्यावर अवलंबून असते, विशेषतः गाभणपणाच्या उत्तरार्धात. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या बराच खाली उतरतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि कळपाचा वाडा म्हणजे उघड्या शेतात जाळीचे कुंपण, वर आभाळ. २०२१ च्या डिसेंबराच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आले तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या वाड्यांवर एका-दोन रात्रींत किती जनावरे गेली, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. त्या वेळी भरपाईची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ज्या मेंढ्या आणि जी कोकरे त्याच वाड्यात, त्याच पावसात वाचली ती का वाचली, याची विचारपूस मात्र माझ्या तरी वाचनात आली नाही. वाचलेल्या जनावरांच्या रक्ताचे नमुने त्या आठवड्यात घेतले असते, तर आज आपल्या हाती दख्खनी मेंढीविषयी असे काही असते जे दुसऱ्या देशातल्या कोणत्याही प्रयोगशाळेतून मिळणार नाही.

याच्या उलट बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते पोकळ नाही. बाजाराला चरबी नको असते. गिऱ्हाईक मांस मागते, आणि शहरातला ग्राहक तर आरोग्याच्या धास्तीने चरबीचा तुकडा बाजूला काढायला सांगतो. मेंढपाळालाही लवकर वजन धरणारे कोकरू हवे असते, कारण तीन-चार महिन्यांच्या कोकरावरच त्याचा वर्षाचा खर्च निघतो. मग कमी चरबीचे, जास्त मांसाचे जनुक बाहेरून आणले तर बिघडले कुठे? बिघडते इथे की, विकायचे कोकरू आणि राखायची मेंढी ही दोन वेगळी जनावरे आहेत, पण त्यांची जनुके एकच आहेत. आपल्या पद्धतीने वाढलेले तीन-चार महिन्यांचे कोकरू चरबीने लदलेले कधीच नसते. त्या वयात ते हाडे आणि मांसच घडवत असते. म्हणजे कोकरातली चरबी कमी करण्यासाठी निवड करायची, तर जो दोष कोकरात फारसा नाहीच तो काढताना आईच्या अंगातली बेगमी जाते. अमेरिकेत किंवा युरोपात, जिथे कोकरू दाण्यावर वाढवून पुष्कळ मोठे झाल्यावर कापतात, तिथे जादा चरबी हे खरेच नुकसान आहे, आणि तिथल्या संशोधकांनी त्यावर उपाय शोधला यात काही गैर नाही. त्यांचा आजार आपला नसताना त्यांचे औषध आपण का घ्यावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्या औषधांतल्या एकाची हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात डॉर्सेट जातीचा एक मेंढा जन्मला. त्याचे नाव सॉलिड गोल्ड. त्याच्या काही पिल्लांचे पुठ्ठे विलक्षण भरदार निघाले, मांस भरपूर आणि चरबी फारच कमी. कॅलिपिज असे या गुणाचे नाव पडले. शोध घेता घेता तो अठराव्या गुणसूत्रावर सापडला आणि २००२ मध्ये उघड झाले की जनुकसंचातले एकच अक्षर बदलल्याने हे सगळे घडते. हे अक्षर ज्या पट्ट्यात आहे तिथेच डीएलके-१ आहे, ज्याचा लगाम म्हणून उल्लेख वर आला. बदलामुळे तो लगाम स्नायूंत भलत्या वयात चालू राहतो. वारशाचा नियमही अजब: हा बदल फक्त बापाकडून आला तरच गुण दिसतो, आईकडून आला तर नाही, आणि दोघांकडून आला तरीही नाही. इतके सुंदर विज्ञान, इतके भरदार जनावर, आणि तरीही हा गुण बाजारात रुजला नाही, कारण त्या मेंढ्यांच्या पाठीचे मांस शिजवल्यावर चिवट निघाले. ज्या एका गोष्टीसाठी निवड केली ती मिळाली, आणि जिचा कोणी विचारच केला नव्हता ती हातची गेली. बेल्जियममधील संशोधकांनी २००६ मध्ये टेक्सेल जातीच्या मांसलपणामागे मायोस्टॅटिन जनुकातला एका अक्षराचा बदल दाखवला. तिथे तो बदल नुकसानकारक ठरला नाही, कारण त्या जातीचे गवत, थंडी आणि बाजार त्याला साजेसे होते. म्हणजे एका अक्षराचे भले-बुरेपण ते कुठे वावरते यावर ठरते.

महाराष्ट्राने परदेशी रक्ताचा अनुभव याआधी घेतलेला आहे. लोकर सुधारण्यासाठी सरकारी प्रक्षेत्रांवर दख्खनी मेंढीचा मेरिनो आणि रॅम्बुलेशी संकर करून पाहिला गेला. आज खान्देशातले वाडे फिरून पाहा. काळ्या-करड्या, भरड लोकरीच्या, लांब पायांच्या मेंढ्याच दिसतील. मेंढपाळाने संकर स्वीकारला नाही याचा अर्थ तो अडाणी होता असा त्या काळी लावला गेला असेल. मला तो नकार म्हणजे निवाडा वाटतो, आणि निवाडा देणाऱ्यांची कारणे लिहून ठेवायला हवी होती असे वाटते.

जनुकाचा वापर चांगल्या तऱ्हेने कसा करावा याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो. बॉन निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला उभ्या केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीतले जुळ्यांचे जनुक, ज्याला फेक-बी म्हणतात, दख्खनी मेंढीत आणले आणि त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी घडवली. २००१ मध्ये या जनुकाची नेमकी जागा कळली: बीएमपीचा संदेश स्वीकारणारे जे दार पेशीवर असते, त्यातला एक बारीक बदल. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची चाल. देशातलेच जनुक निवडले, स्थानिक मेंढीचा काटकपणा राखला, कोणत्या मेंढीत ते आले आहे हे डीएनए चाचणीने तपासले, आणि मेंढपाळांच्या कळपांत ती मेंढी कशी जगते हे वर्षानुवर्षे पाहिले. पण याच उदाहरणातून पुढचा प्रश्न निघतो. जुळी कोकरे पाजणाऱ्या आईच्या दुधातली पुष्कळशी ऊर्जा तिच्या अंगातल्या कोठारातून जाते. ज्या मुलखात उन्हाळा इतका लांब आणि चराई इतकी विरळ आहे तिथे जुळ्यांचे जनुक द्यायचे, तर त्याच्या जोडीला कोठार चांगले भरणारी आणि काटकसरीने रिकामे करणारी मेंढी शोधायला हवी. बीएमपीचे कूळ अंडाशयातही काम करते आणि मूळपेशीला चरबीच्या वाटेकडे वळवण्यातही. अशा वेळी एका ठिकाणी हात लावल्यावर दुसऱ्या ठिकाणी काय हलते हे आपल्या मेंढीत, आपल्या चाऱ्यावर तपासणे हे काम कोणीतरी सार्वजनिक पैशाने करायलाच हवे. खासगी कंपनीला त्यात नफा नाही, आणि मेंढपाळाकडे प्रयोगशाळा नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आहेत आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. २०१७ पासून राज्यात राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, जिच्यात २० मेंढ्या आणि एक नर मेंढा असा गट अनुदानावर देण्याची तरतूद आहे. या आकड्यांतला तो एक मेंढा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वीस मेंढ्यांच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक कोकराची अर्धी जनुके त्याच्याकडून येतात. वीस मेंढ्यांनी मिळून द्यायच्या तेवढ्या जनुकांचा वाटा तो एकटा देतो. तो कसा निवडला जातो? वजन, उंची, बांधा, दात आणि तब्येत पाहून, हे मला मान्य आहे. पण ज्या दिवशी त्याला पारखले जाते तो दिवस कोणता? पावसाळ्यानंतर, हिरव्या चाऱ्यावर महिनाभर पोसलेल्या मेंढ्याचे वजन आणि रोहिणीच्या उन्हात तीन महिने कळपाबरोबर चाललेल्या मेंढ्याचे वजन या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पीपार-गॅमाला कामाला लावणारे अन्न किती मिळाले हे कळते. दुसरीत त्या मेंढ्याच्या मेदपेशींनी मिळेल त्या अन्नातून किती साठवले आणि किती जपून खर्च केले हे कळते, आणि फिरस्तीवरच्या कळपाला हवा आहे तो हा दुसरा गुण.

चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, कर्नालला देशी जातींचा अभ्यास करणारे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, राजस्थानात अविकानगरला मेंढ्यांचीच केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. नव्या इमारतीची गरज नाही. साक्री, निजामपूर, शिंदखेडा या बाजूच्या ठेलारी आणि इतर मेंढपाळांचे काही कळप त्यांच्या संमतीने आणि त्यांना मोबदला देऊन तीन वर्षे सोबत धरावेत. पावसाळ्यानंतर, थंडीत, आणि मृगाच्या आधी अशा तीन वेळांना प्रत्येक मेंढीला कण्यावर हात ठेवून गुण द्यावेत, वजन घ्यावे, रक्ताचा थेंब ठेवावा. कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावरांच्या मूत्रपिंडाभोवतीच्या आणि कातडीखालच्या चरबीचे नमुने घेऊन कोणती जनुके कोणत्या ऋतूत जागी असतात ते पाहावे. ज्या मेंढ्या दर उन्हाळ्यात टिकतात त्यांचे आणि ज्यांच्या कपाळी दर उन्हाळ्यात गेरू लागतो त्यांचे जनुकसंच शेजारी ठेवावेत. एवढ्याने सगळे कळेल असे नाही, कारण चरबी हा एका जनुकाचा गुण नाही, शेकडो जनुकांच्या लहान लहान वाट्यांचा आहे. पण दख्खनी मेंढीविषयीचा निर्णय दख्खनी मेंढीच्या माहितीवर घेता येईल. तोवर मांसासाठी परदेशी जातींचा संकर मेंढपाळांच्या कळपांत सोडू नये, प्रक्षेत्राच्या कुंपणाआड ठेवावा.

चराईचा मुद्दा इथे टाळता येणार नाही, कारण जनुकांचा विषय काढला की तो मागे पडतो आणि मग सगळा दोष जनावराच्या रक्तावर येतो. पूर्व-मेदपेशी अन्नाची वाट पाहत थांबते हे वर आलेच आहे. साक्री तालुक्याच्या माळांवर पवनचक्क्या आणि सौरऊर्जेचे पट्टे उभे राहिले आहेत, वनखात्याच्या हद्दीत कळप शिरला की तंटा होतो, आणि तापीच्या काठाला केळी आणि ऊस आल्यापासून पूर्वी मोकळे राहणारे रान बारमाही पिकाखाली गेले आहे. ऊर्जाही हवी, जंगलही हवे, केळीही हवी. पण गावाच्या गायरानात आणि सौर पट्ट्यांखालच्या गवतात ठरलेल्या काळात मेंढ्यांना जाऊ देणे हे अवघड काम नाही, आणि ते न करता केवळ उत्तम मेंढा वाटला तर त्याच्या उत्तम जनुकांना काम देणारा चाराच नसेल.

बाबांसारखी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांची नातवंडे सुरतेला किंवा नाशकाला कामाला जातात, आणि कण्यावर हात ठेवून मिरगापर्यंतचा अंदाज बांधणे हे शिकायला कळपामागे बरीच वर्षे चालावे लागते. म्हणून ही नोंद सुरू करायची तर ती यांच्या हयातीत सुरू व्हावी, आणि गुण देणाऱ्या पथकात पशुवैद्य आणि विद्यार्थी यांच्या बरोबरीने एक जाणता मेंढपाळ रोजावर घेतलेला असावा. पहिली फेरी येत्या आखाजीनंतर, वळीव पडण्याच्या आधी घेता येईल; त्या दिवसांत कळप तसेही शेतांत बसलेले असतात आणि गेरूचा डबा बाबांजवळ असतोच.